काट्यावरचे पिल्लू

नवजात पिल्लाचे वजन हा पशुवैद्याच्या लेखी प्रकृतीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी हाती येणारा पुरावा असतो. ज्याच्या दारात कुत्री व्याली आहे त्या गृहस्थाच्या लेखी मात्र तो बहुधा नसता उद्योग ठरतो. कोकणातली गावठी कुत्री मांगरात, जळाऊ लाकडांच्या ढिगाआड नाहीतर पेंढ्याच्या उडवीच्या बुडाशी व्यालेली असते, घरच्यांना पिल्लांचा पत्ता लागतो तोच त्यांच्या कुईकुईवरून, आणि त्यानंतर त्यांतली किती जगली आणि किती गेली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. या दोन दृष्टींमधला वाद येथे संवादरूपाने मांडला असून त्यातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. एक आंजर्ल्याचे वृद्ध आगरवाले, ज्यांना सारी वाडी आबा म्हणते. आणि दुसऱ्या दापोली तालुक्यात नव्याने रुजू झालेल्या पशुवैद्य, ज्यांना आबा सुरुवातीला ‘डॉक्टर’ म्हणतात आणि वाद रंगला की नुसते ‘बाई’.

वाद कार्तिकातला आहे आणि त्याला कारण आहे. गावठी कुत्र्यांचा माजाचा हंगाम मुख्यतः भाद्रपदात येतो, गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो, आणि त्यामुळे बहुतेक वेत कार्तिक-मार्गशीर्षात, म्हणजे पहाटे गारवा पडू लागलेला असताना होतात. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येऊ लागतात तेही याच सुमारास. त्यांचा विषय आबा पुढे काढल्याशिवाय राहणार नाहीत.

आबांचे पहिले म्हणणे साधे आहे. “पिल्लू दूध पिते आहे की नाही हे पोटावरून हात फिरवला की कळते. आईने चाटून कोरडे केले, सडाला लागले, पोट भरले की गप्प निजते. उपाशी असेल तर रडते. त्याला उचलून काट्यावर ठेवून पुन्हा आईपाशी सोडायचे, यात पिल्लाचे भले काय? उलट माणसांची ये-जा वाढली की कुत्री बिथरते, पिल्ले तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि एखादे वाटेतच राहून जाते.”

या आक्षेपाचा शेवटचा भाग पशुवैद्य बाई विनाअट मान्य करतात, आणि तो मान्य करण्याजोगाच आहे. जी कुत्री घरच्या माणसाच्या हातून खाते आणि त्याला पिल्लांजवळ बसू देते तिचीच पिल्ले तोलावीत. परक्या, गुरगुरणाऱ्या कुत्रीच्या पिल्लांपासून लांब राहणे हेच त्यांच्या आणि माणसाच्या हिताचे असते. पहिल्या भागाला मात्र त्या हरकत घेतात. “आबा, रडणारे पिल्लू तुमच्या लक्षात येते, कारण रडण्याइतकी ताकद त्याच्यात असते. पण ज्याची ताकद संपत चालली आहे ते गप्प पडते, आणि पोट भरून निजलेले पिल्लूही गप्पच असते. दोन्ही गप्पच, हाताला त्यांतला फरक कळेपर्यंत उशीर झालेला असतो.”

फरक किती बारीक असतो हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. मध्यम बांध्याच्या कुत्रीचे पिल्लू जन्मतः साधारण २०० ते ३५० ग्रॅमचे असते. फार ठेंगण्या जातींत ते शंभर-दीडशे ग्रॅमचेही असते आणि मोठ्या जातींत अर्ध्या किलोच्या घरात जाते. नवजात पिल्लाच्या शरीराचा सुमारे ८० टक्के भाग पाणीच असतो. श्वासावाटे आणि त्वचेवाटे उडून जाणारे पाणी, लघवी, तसेच गर्भात असतानाच आतड्यात साठलेली पहिली काळपट विष्ठा बाहेर पडणे, यांमुळे पहिल्या दिवशी वजन किंचित उतरू शकते. मात्र ‘किंचित’ या शब्दाला सीमा आहे. फ्रान्समधील तुलूझ येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जन्मतःचे कमी वजन हे पहिल्या दोन दिवसांतल्या मृत्यूशी निगडित असते, तर त्यानंतर तिसऱ्या आठवड्यापर्यंतच्या मृत्यूचा संबंध पहिल्या दोन दिवसांतल्या वाढीशी असतो. ज्या पिल्लांचे वजन त्या ४८ तासांत चार टक्के किंवा त्याहून अधिक उतरले, त्यांना धोका जास्त होता. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाचे चार टक्के म्हणजे १२ ग्रॅम होतात. पोटावरून फिरणाऱ्या हाताला बारा ग्रॅम कळत नाहीत, मग तो हात कितीही अनुभवी असो.

आबा येथे माणसाचे उदाहरण पुढे करतात आणि ते गैरलागू नाही. “आपले बाळसुद्धा पहिल्या आठवड्यात उतरते आणि मग भरते. सुईणी काय काटा घेऊन बसत होत्या?” माणसाचे बाळ पहिल्या काही दिवसांत जन्मवजनाच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून काढते, हे खरे आहे. पण दोघांच्या काळाची गती वेगळी असते. बाळाचे वजन दुप्पट व्हायला चार-पाच महिने लागतात. पिल्लाचे वजन सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दुप्पट व्हावे लागते, म्हणजे त्याने दररोज जन्मवजनाच्या निदान दहा टक्के इतकी भर घातली पाहिजे. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला ही भर रोज निदान ३० ग्रॅम पडते. पुढे प्रौढपणीच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दोन ते चार ग्रॅम असा अंदाज धरतात, त्यामुळे पंधरा किलोची कुत्री होणाऱ्या पिल्लाने रोज ३० ते ६० ग्रॅम वाढावे. बाळाची एक आठवड्याची सवलत पिल्लाला देणे म्हणजे त्याच्या दुप्पट होण्याचा जवळजवळ सगळा काळ वाया घालवणे होय.

आणि सुईणीचे म्हणाल, तर महाराष्ट्रानेच या प्रश्नाचे उत्तर गडचिरोलीत शोधून दाखवले आहे, असे डॉक्टरबाई म्हणतात. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यातल्याच बायांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे शिकवले. त्या प्रयोगातल्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावोगावच्या आशाताई बाळ झोळीत घालून तोलतात ती पद्धत याच विचारातून आली. आबा यावर लगेच उत्तर देत नाहीत. “माणसाची गोष्ट निराळी,” एवढेच म्हणतात, आणि ते निराळेपण कशात आहे हे मात्र पुढे कासवांवर बोलताना सांगतात.

तोलण्याच्या कृतीतच काही खाचाखोचा असतात, ज्यांकडे तोलण्याचा आग्रह धरणारेही पुष्कळदा दुर्लक्ष करतात. वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा अनेकदा पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्यांनी बदलतो, त्यामुळे बारा ग्रॅमांची घट त्यावर कधी दहा दिसेल तर कधी पंधरा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा त्याहून बरा. सोनाराच्या काट्याची सूक्ष्मता येथे फुकट जाते, कारण वळवळणारे पिल्लू आकडा स्थिर होऊ देत नाही. पहिले वजन आईने चाटून अंग कोरडे केल्यावरच करावे, नाहीतर गर्भजलाने भिजलेल्या लवेचे वजनही पिल्लाच्या खात्यावर जमा होते आणि दुसऱ्या दिवशी उगाच घट दिसते. छोट्या परडीत फडके घालून तिचे वजन आधी वजा करावे, आणि रोज शक्यतो ठरावीक वेळी, पाजण्यापूर्वी तोलावे. कारण नुकत्याच प्यालेल्या आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या पिल्लाच्या वजनात जो फरक पडतो तो वाढीचा नसतो.

मग पिल्ले ओळखायची कशी, हा प्रश्न येतो, आणि या प्रश्नात आबा डॉक्टरबाईंवर सरळ मात करतात. बाईंनी गळ्यात रंगीत लोकरीचा धागा बांधायचे सुचवले होते. “दहा दिवसांत जे दुप्पट होणार त्याच्या गळ्यात दोरा? एक दिवस सैल करायला विसरलात, की तोच फास. शिवाय कुत्री तो चावून काढणार, गिळणार.” त्यापेक्षा अंगावरच्या खुणा पाहाव्यात असे ते म्हणतात, आणि आपल्याच मांगरात लाकडांआड झालेल्या पाच पिल्लांची ओळख एका दमात करून देतात: एकाच्या शेपटीचे टोक पांढरे, एकाच्या डाव्या पुढच्या पायाची दोनच बोटे पांढरी, एकाच्या कपाळावर ओघळासारखा पट्टा, एक सबंध तांबूस, आणि राहिलेले काळे. गावठी वेतात असे वैविध्य असते त्यालाही कारण आहे. कुत्री माजावर असताना एकाहून अधिक कुत्र्यांपासून तिला गर्भ राहू शकतो आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. यातून तोलण्याचा एक महत्त्वाचा नियम निघतो, जो डॉक्टरबाई तेथेच वहीत लिहून घेतात: काळ्याची तुलना तांबूस पिल्लाशी करू नये, त्याची तुलना त्याच्या कालच्या वजनाशी करावी. जन्मतः लहान असलेले पिल्लू रोज नेमाने वाढत असेल तर ते धोक्यात नसते. धट्टेकट्टे जन्मलेले दोन दिवस जागच्या जागी राहिले तर धोक्यात असते.

वादाचा खरा गाभा मात्र यापुढे आहे. आबांची ठाम समजूत अशी, की जे पिल्लू जगणार नाही ते आईला आधीच कळते. ती त्याला नाकाने बाजूला सारते, आणि आईने टाकलेले पिल्लू माणसाने उचलणे म्हणजे निसर्गाच्या व्यवस्थेत हात घालणे. ही समजूत कोकणातच नव्हे तर कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जवळपास प्रत्येक समाजात आढळते, आणि तिच्यामागे पाहणी आहे: आई खरोखरच काही पिल्ले बाजूला सारते. डॉक्टरबाईंचा मतभेद पाहणीशी नसून तिच्या अर्थाशी आहे.

“आबा, तिला पिल्लाचे भविष्य कळत नाही, त्याचे अंग गार लागते एवढे कळते.” पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या शरीराचे तापमान मुळातच ३५ ते ३७ अंश सेल्सियस, म्हणजे प्रौढ कुत्र्याच्या ३८ अंशांहून अधिक तापमानापेक्षा बरेच खाली असते; थरथरून उष्णता निर्माण करण्याची क्षमताही त्याला जन्मतः नसते, ती साधारण आठवडाभराने येते. तोवर ते आईच्या अंगाच्या आणि भावंडांच्या उबेवर जगते, आणि म्हणून त्याच्या निजण्याच्या जागी २९ ते ३२ अंशांची ऊब असावी लागते. ढिगाच्या कडेला सरकलेले, ओल्या जमिनीवर पडलेले एखादे पिल्लू पहाटे गार पडते. गार पडले की त्याची चोखण्याची ताकद जाते, आवाज क्षीण होतो, हालचाल थांबते, आणि जे हलत नाही, ओरडत नाही आणि अंगाला गार लागते त्याला आई चाटत नाही, जवळ घेत नाही. तेच पिल्लू हळूहळू ऊब देऊन परत ठेवले तर ती पुष्कळदा त्याला पुन्हा घेते. आबांच्या ‘आईला कळते’ या सिद्धान्ताला ही एक गोष्ट पुरेसा धक्का देते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण भविष्य कळून टाकलेले पिल्लू केवळ ऊब दिल्याने पुन्हा आपलेसे होण्याचे कारण उरत नाही.

आबांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा आहे. “बरे, उचलले. मग त्याला गाईचे दूध बोळ्याने पाजायचे, एवढेच ना?” नेमके हेच करू नये, असे बाई सांगतात, आणि येथे त्यांचा स्वर पहिल्यांदाच कडक होतो. गार पिल्लाची आतडी मंदावलेली असतात. शरीराचे तापमान ३४-३५ अंशांच्या खाली असताना पोटात घातलेले दूध पचत नाही, तसेच पडून राहते किंवा उलटून श्वासनलिकेत जाते. आधी ऊब, मग दूध, हा क्रम मोडला की दयाबुद्धीनेच पिल्लू मरते. ऊबही सावकाश, तास-दोन तास, फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीने किंवा माणसाच्या अंगाशी धरून द्यावी. चुलीजवळ ठेवून एकदम तापवू नये. पाजण्याची वेळ आलीच तर पिल्लाला बाळासारखे उताणे धरू नये, पालथे, आईच्या सडाला लागताना असते तसे धरावे, नाहीतर बोळ्यातले दूध सरळ फुप्फुसात उतरते. आणि गाईचे दूध पिल्लाला पुरत नाही: कुत्रीच्या दुधात स्निग्धांश साधारण नऊ टक्के आणि प्रथिने सात-आठ टक्के असतात, गाईच्या दुधात ती अनुक्रमे साडेतीन-चार आणि तीन-साडेतीन टक्के भरतात, तर दुग्धशर्करा मात्र गाईच्या दुधात जास्त असल्याने पिल्लाला हगवण लागते. म्हशीचे दूध स्निग्धांशाने जवळ येते, पण प्रथिनांत तेही कमीच पडते. दुकानात मिळणारी पिल्लांसाठीची दूधभुकटी हा मार्ग आहे. पण त्याआधीचा आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे उबदार झालेले पिल्लू आईच्या सडाला लावणे.

तेही लवकर. व्याल्यावर पहिल्या दिवशी येणारा चीक पिल्लाला केवळ पोषण देत नाही. कुत्रीच्या वारेतून गर्भाकडे रोगप्रतिकारक द्रव्ये फारच थोडी, सुमारे पाच ते दहा टक्केच, जातात. उरलेली सारी चिकातून मिळायची असतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता जन्मानंतर तासातासाने कमी होत दिवसभरात संपते. चीक न मिळालेले पिल्लू पुढे दूध पिऊन वाढलेही, तरी आजारापुढे उघडे पडते. “गाईच्या वासराला चीक पाजल्याशिवाय आम्ही खरवसाला हात लावत नाही,” आबा म्हणतात, आणि या एका मुद्द्यावर दोघांत कधीच मतभेद नव्हता असे दिसते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याबद्दल फारसा वाद होत नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांत कान, तिसऱ्या आठवड्यात पिल्लू लटपटत उभे राहते आणि दुधाचे दात डोकावतात. तोवर आईने चाटल्याशिवाय त्याला लघवी-विष्ठाही नीट होत नाही. या टप्प्यावर मात्र काटा फसवू शकतो, हे डॉक्टरबाई स्वतःहून कबूल करतात. आगरातली जमीन सावलीची, दमट आणि वालुकामय, म्हणजे अंकुशकृमींना अगदी मानवणारी. हे आतड्याला चिकटून रक्त शोषणारे जंत आईच्या दुधातून पिल्लात उतरतात, आणि गोल जंत तर गर्भातच शिरलेले असतात. अशा पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगते, वजनही काही दिवस ठीक दिसते, पण ओठ उचलून पाहिले तर हिरड्या पांढुरक्या असतात. येथे आबांचा डोळा काट्याच्या पुढे जातो. दोन आठवडे पूर्ण होताच जंताचे औषध सुरू करून ते पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचे असते, आणि त्याची मात्रा ठरते ती पुन्हा वजनावरूनच.

अखेरीस आबा आपला राखून ठेवलेला मुद्दा काढतात. “ही पाचही जगवली असे धरा, बाई. पुढच्या वर्षी पाच कुत्री किनाऱ्यावर फिरणार, कासवाचे घरटे उकरणार. कासवाच्या पिल्लाला ना आई, ना चीक. अंगातल्या बलकावर दोन-चार दिवस पोहते. त्याला वाचवायचे की ज्याला आई आहे त्याला?” मुद्दा हलका नाही. रत्नागिरी जिल्ह्यात कासवांच्या संवर्धनाचे काम चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेळास येथे २००२ च्या सुमारास सुरू केले आणि पुढे आंजर्ले हेही कासव महोत्सवासाठी ओळखले जाऊ लागले. घरट्यातली शंभराच्या आसपास अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवली जातात, ती कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचावीत हाच त्या कुंपणाचा एक मोठा हेतू असतो. ऑलिव्ह रिडले ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली जात आहे. गावठी कुत्रा दुर्मीळ नाही.

बाईंचे उत्तर दोन भागांत येते. पहिला भाग असा, की दुर्बळ पिल्ले निसर्ग वेचून काढतो हे भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत खरे ठरत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील मनबी पॉल, अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. त्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रजननाच्या वयापर्यंत पोहोचली ती अवघी १९ टक्के पिल्ले, आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, होता. गाडीखाली सापडणे ही काही निवड नव्हे. आबा मात्र त्यातला कच्चा दुवा बरोबर पकडतात: गाडीखाली सापडणारे पिल्लू काट्याने वाचत नाही. ते खरे आहे. काट्याची सत्ता पहिल्या तीन आठवड्यांपुरती चालते, त्यापुढे गावाची चालते.

दुसरा भाग त्यामुळेच अधिक वजनदार ठरतो. कुत्र्यांची संख्या पिल्ले गारठून मेल्याने आटोक्यात येत नाही, कारण कुत्री पुढच्या हंगामात पुन्हा वितेच. ती आटोक्यात येते नसबंदीने, आणि प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ यांनी ती जबाबदारी, रेबीजच्या लसीकरणासह, स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. जी कुत्री पिल्ले तोलू देते ती माणसाळलेली असते, आणि माणसाळलेली कुत्रीच पकडून, गाडीत घालून दवाखान्यात नेता येते. “म्हणजे काटा हा कुत्रीला पकडायचा डाव आहे तर,” आबा म्हणतात. बाई ते नाकारत नाहीत.

ज्यांच्या मांगरात या कार्तिकात वेत झाले आहे, त्यांनी पिल्ले सहा-आठ आठवड्यांची होऊन आईचे दूध तुटले की दोन-तीन आठवड्यांत तिची नसबंदी आणि रेबीजची लस यांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, आणि पिल्लांना रेबीजची पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर द्यावी; हे माघ-फाल्गुनात उरकले तर पुढच्या भाद्रपदाच्या आत पुरेसा वेळ हाती राहतो.